कोकीळ शिकत नाही, कावळा शिकतो

उन्हाळ्यात आमच्या अहमदपुरात पहाटेचे दोन तासच काय ते माणसाच्या हक्काचे. एकदा ऊन वर आले की अंगणात पाय ठेववत नाही. अशाच एका पहाटे आम्ही खाटेवर पडून होतो. मागच्या चिंचेवर कोकीळ ओरडत होता. आमची धाकटी मुलगी सातवीत आहे. ती उठून बसली आणि म्हणाली, "पप्पा, कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं ना? मग त्याला कुहू कुहू कोण शिकवतं?"

आम्ही डोळे न उघडताच उत्तर दिले, "त्याला काय शिकवायचं? पाखराचा आवाज जन्मतःच येतो. माशाला पोहायला कुणी शिकवतं का?"

पोरगी कसली गप्प बसते! म्हणाली, "मग पोपट माणसासारखं बोलायला कसा शिकतो?"

ह्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले, विज्ञानाशी आमचा संबंध दहावीलाच सुटला. दिवसभर कचेरीत फायली आणि आवक-जावक, संध्याकाळी वस्तीतली कामे. पण लेकराचा प्रश्न दटावून बंद करायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. म्हणून आम्ही पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. तेव्हा कळले की, पोरीचे दोन्ही प्रश्न बरोबर होते आणि आमचे उत्तर अर्धेच खरे होते. ते अर्धे राहिलेले उत्तर आज ह्या सदरात देत आहोत. त्यात आमच्या घरातली एक चूकही सांगावयाची आहे.

गाणारा कोण?

प्रथम कोकिळेचे पाहू. आपण "कोकिळा गाते" म्हणतो, पण कुहू कुहू करणारा नर असतो. तो काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. ती कुहू करीत नाही, किक्‌ किक्‌ किक्‌ असे ओरडते. ती अंडे घालते कावळ्याच्या घरट्यात. पिल्लाला भरवतात कावळा-कावळीण. कानावर दिवसभर काव काव. तरीही मोठा झाल्यावर तो नर कुहू कुहू असेच ओरडतो. म्हणजे कोकिळेच्या बाबतीत आमचे म्हणणे खरे ठरले. त्याचा आवाज त्याच्या शरीरातच लिहिलेला असतो.

कोंबडीचे आणि होल्या-पारव्यांचेही तसेच. ऐकू न येणाऱ्या कोंबड्यांवर आणि होल्यांवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. मोठेपणी त्यांचा आवाज जवळजवळ नेहमीसारखाच निघाला.

पण जगात पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार प्रजाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास प्रजाती शास्त्रज्ञ "गायक पक्षी" ह्या एका मोठ्या गटात धरतात. हे पक्षी आपले गाणे ऐकून शिकतात. त्यांच्याखेरीज पोपट आणि अमेरिका खंडातले चिमुकले हमिंगबर्ड, एवढेच पक्षी आवाज शिकणारे म्हणून ओळखले जातात. आपल्या अंगणातला दयाळ, बुलबुल, साळुंकी, शिंपी, बाभळीवरची सुगरण, बालाघाटाच्या माळावरचा चंडोल, एवढेच काय आपली घरची चिमणी, हे सगळे गायक पक्ष्यांच्या गटातले.

आणि वाचकहो, ह्याच गटात कावळा आहे! होय, कावळाच. ज्याला आपण कर्कश म्हणून हाकलतो, तो शरीररचनेने गायक पक्षी आहे, आवाज शिकू शकतो, माणसाळलेले कावळे माणसाच्या बोलण्याची नक्कलही करतात. आणि ज्याच्या गळ्याचे कौतुक कवी करीत आले, तो कोकीळ ह्या गटात बसतच नाही. नुसता कानाला गोड लागतो म्हणून कोणाला मोठे ठरवायचे आणि रंगरूप पाहून कोणाला हलके ठरवायचे, ही माणसाची सवय पाखरांच्या बाबतीतही फसली आहे.

गळ्यात नव्हे, छातीत

आता पक्षी गातो कशाने? आपले स्वरयंत्र गळ्यात असते. बोलताना घशाला बोट लावले तर थरथर जाणवते. पक्ष्याचा आवाज तिथे तयार होत नाही. श्वासनळी खाली छातीत जाऊन दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे त्या दोन फाट्यांवर पक्ष्याचे आवाजाचे इंद्रिय असते. त्याला इंग्रजीत सिरिंक्स आणि मराठीत शब्दिनी म्हणतात. तिच्यात नाजूक पडदे असतात. फुप्फुसातून हवा आली की ते थरथरतात आणि आवाज निघतो.

गायन पार्टीतली पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. भाता हवा देतो, आतल्या पट्ट्या थरथरतात, बोटे सूर निवडतात. पक्ष्याच्या अंगात तशीच व्यवस्था आहे. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या म्हणजे भाता, पडदे म्हणजे पट्ट्या आणि शब्दिनीभोवतीचे बारीक स्नायू म्हणजे बोटे. फरक इतकाच की, पक्ष्याजवळ एका वेळी दोन पेट्या असतात. डाव्या फाट्याची वेगळी, उजव्या फाट्याची वेगळी. काही पक्षी एकाच वेळी दोन वेगळे सूर काढतात, तर काही एक सूर डावीकडून सुरू करून उजवीकडे नेऊन संपवतात. हे स्नायू सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलू शकतात. आणि गाता गाता दम संपत कसा नाही? कॅनरीसारखे पक्षी दोन सुरांच्या मधल्या क्षणभराच्या फटीत इवलासा श्वास घेतात. आपल्या कानाला वाटते गाणे अखंड चालू आहे.

लेकराचे बोबडे आणि पिल्लाचे बोबडे

पण पेटी घरात असली म्हणून गाणे येत नाही. शिकावे लागते. विल्यम थॉर्प ह्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्ले इतर पक्ष्यांपासून वेगळी वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण गाणे ओबडधोबड निघाले. प्रजातीचे म्हणून जे गाणे असते ते त्यांना जमले नाही. पुढे अमेरिकेत पीटर मार्लर ह्यांनी दाखवले की, पांढऱ्या डोक्याच्या एका चिमणीचे गाणे गावागणिक बदलते. आपली मराठी जशी लातूरची वेगळी, पुण्याची वेगळी, तसेच. ह्या पिल्लांना लहानपणी काही आठवड्यांचा काळ मिळतो. त्या काळात थोरांचे गाणे कानावर पडले तर ते मनात बसते. काळ टळला की नंतर कितीही ऐकवले तरी उपयोग फारसा होत नाही.

मात्र पिल्लू अगदी कोरी पाटीही नसते. दोन प्रजातींची गाणी ऐकवली तर ते बहुधा आपल्याच प्रजातीचे गाणे उचलते. म्हणजे ओढ जन्माची, पण गाणे शिकवणीचे.

शिकण्याचे टप्पे आपल्या लेकरांसारखेच आहेत. झेब्रा फिंच ह्या ऑस्ट्रेलियातल्या इवल्या पक्ष्याचा अभ्यास फार झाला आहे. आपल्याकडे पाखरांच्या दुकानात फिंच म्हणून विकतात तो हाच. त्याचे पिल्लू आधी बापाचे गाणे ऐकून मनात साठवते. महिन्याभराचे झाले की पुटपुटू लागते. तान्ह्या लेकराचे "अँगं अँगं" चालते ना, तसेच अर्थहीन. चार्ल्स डार्विन ह्यांनी १८७१ सालीच पिल्लांच्या ह्या पुटपुटण्याची तुलना बाळाच्या बोबड्या बोलांशी केली होती. मग रोज हजारो वेळा सराव. मनातले गाणे आणि आपल्या तोंडून निघालेले गाणे ह्यांचा मेळ घालत घालत तीन महिन्यांत गाणे पक्के होते.

हा मेळ कानाने घातला जातो. मसाकाझु कोनिशी ह्यांनी १९६५ साली सिद्ध केले की, पिल्लाने थोरांचे गाणे आधी ऐकलेले असले, पण सरावाच्या आधी त्याची श्रवणशक्ती गेली, तर त्याला ते गाणे जमत नाही. नुसते दुसऱ्याचे ऐकून भागत नाही, स्वतःचेही ऐकू यावे लागते.

हरभऱ्याएवढा मेंदू

झेब्रा फिंचचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. एवढ्याशा मेंदूत गाण्याची स्वतंत्र केंद्रे आहेत. फर्नांडो नॉटेबोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ती कॅनरीच्या मेंदूत दाखवून दिली. त्यांचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग गाणे म्हणण्याचा. त्याने हुकूम शब्दिनीच्या स्नायूंपर्यंत जातो. दुसरा मार्ग गाणे शिकण्याचा. पिल्लाच्या मेंदूतला हा दुसरा मार्ग बिघडला तर ते नीट शिकत नाही. पण मोठ्या पक्ष्याचे शिकून झालेले गाणे त्याने फारसे बिघडत नाही. आपल्या मेंदूतही बोलणे शिकण्याला लागणारे असेच मार्ग आहेत. फॉक्सपीटू नावाचे एक जनुक बिघडले तर माणसाला बोलण्यात अडचण येते. तेच जनुक झेब्रा फिंचच्या पिल्लात मंद केले तर ते बापाची नक्कल अर्धवट करते, हे २००७ साली दिसून आले.

आणखी एक नवल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, झेब्रा फिंच झोपेत असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी गाण्याची उजळणी केल्यासारख्या चालतात. अभ्यास करून नीट झोपणारे पोर का लक्षात ठेवते, ह्याचा थोडा अंदाज ह्यावरून यावा.

"चिमणीएवढी अक्कल" म्हणून आपण लोकांना हिणवतो. पण २०१६ साली पेशी मोजल्या तेव्हा आढळले की, पक्ष्यांच्या मेंदूत पेशी फार दाटीने भरलेल्या असतात. काही पोपट आणि कावळ्यांच्या पुढच्या मेंदूत माकडांच्या तोडीच्या संख्येने पेशी आहेत. तेव्हा ती म्हण आता सोडलेली बरी.

पुण्यातले माईक टेस्टिंग

हे सारे परदेशातच चालते असे नाही. आपल्या पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था २००६ साली सुरू झाली. तिथे डॉ. राघव राजन आणि त्यांचे विद्यार्थी झेब्रा फिंचच्या गाण्यावर काम करतात. त्यांचा विषय मोठा गमतीचा आहे. हा पक्षी गाणे एकदम सुरू करीत नाही. आधी एकच छोटा आवाज काही वेळा काढतो. आधी सावकाश, मग लवकर लवकर, आणि मग गाणे सुरू. १४ एप्रिलच्या रात्री गायन पार्टीचा गायक आधी "हॅलो, हॅलो, माईक चेक" करतो आणि पेटीवाल्याकडे पाहून मान हलवतो, अगदी तसे. हे प्रास्ताविकाचे आवाज म्हणजे मेंदूची तयारी असावी, असे डॉ. राजन ह्यांनी २०१३ साली मांडले. पुढे २०२१ साली त्यांच्या गटाने दाखवले की, हे आवाजही काही अंशी शिकलेले आणि काही अंशी उपजत असतात. म्हणजे इथेही पुन्हा तेच, जन्म आणि शिकवण दोन्ही.

मोबाईल मास्तर होत नाही

आता घरात उपयोगी पडेल असे सांगतो. झेब्रा फिंचच्या पिल्लाला नुसत्या स्पीकरवर गाणे लावून ठेवले तर ते फार कमी शिकते. समोर जिवंत पक्षी असला तर चांगले शिकते. २०१६ सालच्या अभ्यासात तर दिसले की, मोठा पक्षी पिल्लासमोर गाताना गाणे थोडे संथ करतो. आपण नाही का लेकराशी लाडाने, सावकाश, शब्द ओढून बोलतो? माणसाच्या बाळांवरही २००३ साली अमेरिकेत असाच प्रयोग झाला. परक्या भाषेचे आवाज बाळांनी समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून उचलले, टी.व्ही.वरून उचलले नाहीत.

आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा पाहतो. आई भाकऱ्या थापते आहे, बाप कामावरून थकून आला आहे, आणि दीड वर्षाच्या पोराच्या हातात मोबाईल. दोष कोणाला द्यावा? पण भाकरी थापता थापता "हे पीठ, हा तवा, हा चटका" असे बोलायला पैसे लागत नाहीत.

आईचा वाटा किती आधी सुरू होतो पाहा. ऑस्ट्रेलियातल्या एका इवल्या निळ्या पक्ष्याची मादी अंड्यांवर बसल्या बसल्या एक विशिष्ट आवाज काढते. बाहेर आलेली पिल्ले भूक लागली की तोच आवाज काढतात. हे २०१२ साली सिद्ध झाले. आणि मादी गात नाही, असे जे वर्षानुवर्षे पुस्तकांत छापले गेले, तेही खरे नव्हे. २०१४ साली तीनशेहून अधिक प्रजातींची माहिती तपासली, तेव्हा ७१ टक्के प्रजातींत मादीही गाते असे निघाले. ती गात होतीच, ऐकणाऱ्यांनी लक्ष दिले नव्हते.

आमची चूक

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. आमची आई म्हणाली, "लेकरू मामावर गेलंय. ह्यो बी तिसऱ्या वर्षी बोलला व्हता." बहिणीच्या मनात शंका होती. ती आम्हांला म्हणाली, "दादा, एकदा डॉक्टरला दाखवू का?" आम्ही शहाणपणा केला. त्याच्या मागे ताट वाजवून पाहिले. पोर वळले. आम्ही म्हणालो, "ऐकू येतंय की. उशिरा बोलणारं पोर हुशार निघतं."

खरी गोष्ट अशी की, ताटाचा दणका मोठा होता आणि आमची सावलीही त्याला दिसली होती. बोलण्याचे आवाज त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हते. चार वर्षांचा झाल्यावर लातूरला कानाची तपासणी झाली, तेव्हा कळले. कानाची मशीन लागली. आता तो शाळेत जातो, हसतो, भांडतो, काही शब्द बोलतो. पण गेलेली ती वर्षे परत आली नाहीत. कोनिशींच्या पाखरांबद्दल वाचले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. बहिणीने विचारले होते, आणि शिकलेल्या भावाने तिला गप्प केले होते.

म्हणून हात जोडून सांगतो. बाळाच्या कानाची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी, शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असे ह्या विषयातले डॉक्टर सांगतात. तपासणीला सुई टोचत नाहीत. बाळ झोपलेले असतानाही ती होते. बाळंतपण झाले त्या दवाखान्यात विचारा, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुलांना तपासायला येते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. मुंबईत वांद्र्याला अलि यावर जंग ही वाचा व श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. आणि मशीन लावूनही ऐकू येत नसेल तर हातांच्या खुणांची भाषा आहे. ती अपुरी भाषा नव्हे, पुरी भाषा आहे. तीही लहानपणीच मिळाली पाहिजे. भाषा कोणतीही असो, तिची वेळ टळता कामा नये.

शिकवणारेच उरले नाहीत तर

शेवटी एक दुःखाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा काळा-पिवळा सुंदर पक्षी आहे. जंगले तुटली आणि तो काही शेच उरला. २०२१ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, त्यांतले सुमारे १२ टक्के नर दुसऱ्याच प्रजातींची गाणी गातात. गळा ठीक, मेंदू ठीक. पण पिल्लांच्या जवळपास आपले गाणे म्हणणारा थोर पक्षीच नव्हता. जे कानावर पडले ते त्यांनी उचलले. परके गाणे गाणाऱ्या नराला जोडीदारीणही सहजी मिळत नाही. मग तिथल्या लोकांनी पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांना आपले गाणे येणाऱ्या पक्ष्यांच्या सहवासात ठेवून शिकवायला सुरुवात केली.

तात्पर्य काय ते वाचक जाणतातच. आपल्या घरात जे म्हातारे आई-वडील आहेत त्यांच्याजवळ गोष्टी आहेत, ओव्या आहेत, गाणी आहेत, आपल्या मराठवाड्याचे खास शब्द आहेत. ती पोरांच्या कानावर वेळेत पडली तरच पुढे जातील. रक्तातून ती आपोआप येणार नाहीत.

असो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मुलीला सगळे सांगितले. कोकिळाला कोणी शिकवत नाही, पण त्याला सांभाळणारा कावळा मात्र शिकणारा आहे, हे ऐकून ती खूप हसली. मग खाटेवरून उतरली, आत गेली आणि रात्रीची भाकरी कुस्करून भिंतीवर ठेवून आली. भाचा त्या दिवशी आमच्याकडेच होता. कावळा आला तशी तिने त्याच्यासमोर बसून, त्याला आपले तोंड नीट दिसेल असे, सावकाश म्हटले, "का-व-ळा."

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काऽऽळा."

तिने पुन्हा म्हटले.